१३ वर्षांची मुलगी खेळून फार दमते, घरचे म्हणतात खेळ बंद करा. करावा का?

बंद करू नका. आधी रक्त तपासा.

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, खो-खो खेळते, आणि दोन महिन्यांपासून ग्राउंडवरून आली की आडवी होते, अभ्यासाला बसली की पेंगते. सासरचे म्हणतात खेळामुळेच होतंय. रोज किती वेळ खेळू द्यावं आणि कोणती प्रोटीन पावडर द्यावी, हे तुमचे दोन प्रश्न. त्यांचं खाली सांगते. आधी त्या ‘खेळामुळेच होतंय’ला उत्तर द्यायचंय, कारण हे वाक्य मी माझ्या घरात वर्षभर ऐकलंय.

आम्ही अमळनेरचे. एकत्र घर. माझी मुलगी ८०० मीटर धावते. नववीत असताना तिची वेळ बिघडायला लागली. पहिली चक्कर नेहमीसारखी, दुसऱ्या चकरीत पाय ओढत यायची. सर म्हणायचे मन लागत नाही. घरी जिना चढली तरी धाप. दुपारी शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालायला भाऊबंदकीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, तिथं पाण्याची कळशी उचलून देताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली. माझ्या मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “कायले दौडाडस वं पोरले उन्हात? कायी पडी जाई, मंग कोन करी तिले?” म्हणजे पोर काळी पडली तर तिच्याशी लग्न कोण करील.

मला त्या दिवशी राग आला तो याचा की त्यांचा मुलगा दिवसभर क्रिकेट खेळतो. तोही दमून येतो. तो दमला की त्याच्यासाठी दूध तापतं, बदाम भिजतात, ‘पोऱ्या वाळला’ म्हणून साजूक तूप वाढलं जातं. माझी पोर दमली तर पहिला उपाय काय, तर ग्राउंड बंद. दोघांचा दम सारखाच, मग औषध वेगळं का? हा प्रश्न मी घरात विचारला होता. उत्तर मिळालं नाही. मोठे भाऊजी एवढंच म्हणाले की उद्या पाय मोडला तर जबाबदारी कोणाची.

दवाखान्यात नेलं तर ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावलं आणि टॉनिकची बाटली दिली. सलाईनमध्ये पाणी, मीठ, साखर असते. त्याने दोन दिवस तरतरी वाटते, रक्त वाढत नाही. आपल्याकडे सलाईन लावलं म्हणजे उपचार झाला असं समजतात, ते बंद व्हायला पाहिजे.

खरं काय ते सांगितलं माझ्या मावसबहिणीने. ती उपकेंद्रात नर्सबाई आहे. राखीला आली होती. तिने पोरीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि तिला बाजूला नेऊन दोनच गोष्टी विचारल्या. पाळी किती दिवस जाते? आणि खडू, माती, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का? पाळी आठ-नऊ दिवस जात होती. आम्हाला सांगायला लाजत होती, कारण घरात पाळीचं बोलणं म्हणजे ‘बाजूला बस’ एवढंच. आणि पाटीवरची पेन्सिल ती रोज खायची. पेन्सिल खाते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यावरून तिला चिडवायचे. अंगात लोह कमी पडलं की अशी इच्छा होते, हे कोणालाच माहीत नव्हतं.

तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ आलं. या वयाच्या मुलीला किमान १२ पाहिजे. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ६. तो १५ च्या खाली गेला की साठा संपला असं धरतात. ताई, हे फेरिटिन मुद्दाम सांगून करायला लावा. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या आसपास असूनही मुलगी दमू शकते, आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून तिला आळशी ठरवलं जातं.

आता विचार करा. अंगात प्राणवायू नेणारं रक्तच कमी असेल तर जिना काय आणि ग्राउंड काय, सगळीकडेच धाप लागणार. खेळ बंद केला असता तर ती घरी बसली असती, धाप दिसली नसती आणि रक्त तसंच घसरत राहिलं असतं. तिच्या पायांनी आम्हाला वेळेत कळवलं, असं मी मानते. न खेळणाऱ्या पोरींचं तर कोणाला कळतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता, मुलांमध्ये ३१ टक्के. या ५९ टक्के पोरी काय सगळ्या खो-खो खेळत होत्या का?

उपचार साधा होता. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, आणि पाळीसाठी वेगळी तपासणी केली. पाळी सात दिवसांच्या वर जात असेल, तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील तर ते ‘सुरुवातीला होतंच’ म्हणून सोडू नका. थायरॉईड किंवा रक्त गोठण्यातला दोषही निघू शकतो. गोळीने शौचाला काळं होतं, कधी पोट दुखतं, त्याला घाबरून बंद करायची नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यायची. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घ्यायची नाही. आणि हिमोग्लोबिन १२ झालं की लगेच थांबायचं नाही, साठा भरायला त्यापुढेही साधारण तीन महिने लागतात. बीट, खजूर, गूळ खाऊ घाला, चांगलेच आहेत, पण ८.९ चं १२ त्यांच्यावर होत नाही.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही रक्त कमी होऊ नये म्हणून असते. एकदा कमी झाल्यावर ती एकटी पुरत नाही. पण ती फेकून देणं हा गुन्हा आहे असं मी स्पष्ट म्हणते. आमच्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलीला ती कधी घेऊ दिली नाही. ‘गरमी होते’, ‘पुढे पोरं होत नाहीत’. असं काही होत नाही. उलट रक्त कमी असलेल्या मुलीचंच पुढे बाळंतपण अवघड जातं.

खाण्याचं म्हणाल तर माझी मुलगी पहाटे चहा-टोस्ट खाऊन ग्राउंडवर जायची. बहुतेक घरांत हेच चालतं. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. आता ती जाताना केळ आणि भिजवलेले शेंगदाणे खाऊन जाते, आल्यावर लिंबू पिळलेले पोहे किंवा दूध-भाकरी. आमचं घर माळकरी, अंडी चालत नाहीत, त्याने काही अडलं नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मेथीची भाजी, थंडीत बाजरी, सोबत पेरू नाहीतर आवळा. मुख्य बदल एकच केला, पोरीचं ताट पुरुषांच्या पंगतीबरोबर वाढायला लागले. यावरून घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी माझे सासरे, आबा, म्हणाले, “पयू द्या (पळू द्या) पोरले. आनि पोटभर वाढा.” तेव्हापासून पहाटे तेच तिला गाडीवर ग्राउंडला सोडतात.

महिन्याभराने हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. पुढच्या हंगामात ती जळगावला जिल्ह्याला धावली, पाचवी आली, आणि दुसरी चक्कर पहिलीपेक्षा जोरात धावली. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणलं, तीही आपल्यासारख्याच भागातली, आदिवासी पाड्यावरची पोर. तिला कोणी ‘काळी पडशील’ म्हणून घरी बसवलं असतं तर?

आता तुमचे प्रश्न. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी घामाघूम होईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरची मर्यादा म्हणून एक ढोबळ हिशोब आहे, वय जितकं तितके तास आठवड्याला. म्हणजे तुमच्या मुलीला तेरा, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. रात्री आठ तास झोप हवीच. मोबाईल रात्री बाहेर ठेवला तर अर्धं पेंगणं त्यानेच जाईल. पावडर घेऊ नका. ४० किलोच्या मुलीला दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दोन ग्लास दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि भाकरी यांत ती होतात. तिला जे कमी पडतंय ते बहुतेक त्या डब्यात नाहीच.

एक राहिलंच, आणि ते महत्त्वाचं आहे. मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक दम लोहाचाच असतो असं नाही. तपासणी न करता दुकानातून गोळ्या आणू नका. तुम्ही नंदुरबार, शिरपूर, चोपडा अशा सातपुड्याच्या पट्ट्यातले असाल तर सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी नक्की करा, आदिवासी समाजात तो जास्त आढळतो आणि सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. सिकलसेलचा आजार असेल तर उन्हात, पाण्याशिवाय जोरात धावणं धोक्याचं असतं, तिथं डॉक्टर सांगतील तसंच खेळायचं. धावताना छातीत दुखलं किंवा मुलगी खेळता खेळता बेशुद्ध पडली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी हृदय तपासून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपला पाहिजे, आपल्याकडे ४४-४५ अंश म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच.

जाऊबाईंच्या मुलीलाही हल्ली जिना चढताना धाप लागते. ती कुठलाच खेळ खेळत नाही. तपासणीला घेऊन जाते म्हणून मी विचारलंय, त्या अजून हो म्हणत नाहीत.