ठराव गावाचा, गायरान सरकारचं

प्रश्न : आमच्या गावात (सोलापूर जिल्हा) नऊ भूमिहीन कुटुंबांना घरकुल मंजूर झालं. कुणाकडेच जागा नव्हती, म्हणून ग्रामसभेने एकमताने ठराव करून गायरानातली जागा दिली. पहिला हप्ता मिळाला, जोतं झालं. मग तहसीलची अतिक्रमणाची नोटीस आली. सरपंच म्हणाले काही होत नाही, म्हणून ती देवळीत ठेवून दिली. आता अतिक्रमण काढण्याचा आदेश हातात पडला आहे. जमीन गावाची, ठराव गावाचा, मग आम्ही अतिक्रमण करणारे कसे?

उत्तर : असा ठराव घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही. काहीजण तर तो लॅमिनेट करून आणतात. दुर्दैवाने प्लास्टिकमुळे त्याची किंमत वाढत नाही.

जोतं धरण्याआधी १५ रुपये भरून त्या गटाचा डिजिटल सातबारा काढला असता, तर कब्जेदार सरकार आहे आणि जमीन गुरचरणाकडे आहे, हे तिथेच दिसलं असतं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असलं तरी उतारा तोच आहे. जमीन महसूल संहितेनुसार ही जमीन राज्याची आहे. कलम २२ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ती चराईसाठी राखून ठेवली, म्हणजे गावाला मिळाला तो गुरं चारण्याचा हक्क. जे आपलं नाही ते ग्रामसभा एकमतानेही देऊ शकत नाही. घरपट्टीच्या पावत्या आणि नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा असला तरी त्यातून मालकी येत नाही.

जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावांच्या सामायिक जमिनींवरचे बेकायदा कब्जे हटवायला सांगितलं. अपवाद अगदी थोडे ठेवले. त्यातला एक तुमच्या कामाचा वाटेल : सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना रीतसर पट्टा, म्हणजे जमीन भाडेपट्ट्याने दिल्याचा कागद, दिलेला असेल तर. तुम्ही भूमिहीन आहात, पण पट्टा कुठे आहे?

आता मूळ मुद्दा. सगळं अडतं किंवा सुटतं ते कलम २२-अ च्या पोटकलम (२) वर. गायरान दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, हा नियम. केंद्र किंवा राज्य सरकारच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी ते देता येतं, पण त्यासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच. हा 'नसेल तरच' तुमच्या ठरावात कुठेच नाही. गावात पडीक सरकारी गट किती, त्यातला राहण्याजोगा कोणता, ओढ्यातला कोणता, याचा अहवाल ग्राम महसूल अधिकाऱ्याने लिहून दिल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. 'जमीन उपलब्ध नाही' एवढीच एक ओळ खरडलेली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय तो परत पाठवतं आणि त्यात सहा महिने सहज जातात. गटवार लिहून घ्या. शोधताना दुसरी जमीन सापडलीच तर रडू नका, तीच मागा. ते जास्त सोपं आहे.

नऊजणांनी नऊ अर्ज करू नका. ग्रामपंचायतीमार्फत गावठाण विस्तारासाठी एकच प्रस्ताव जाऊ द्या, सोबत मंजुरीची यादी जोडा. घरकुल योजना हे पोटकलम (२) मधलं सार्वजनिक प्रयोजन आहे असा युक्तिवाद करता येतो, मी करेनही. मान्य होईल याची हमी मात्र देत नाही. अतिक्रमणं नियमित करण्याचे शासन निर्णय निघतात आणि बदलतात, त्यांच्या भरवशावर भिंत उभारू नका.

तोवर जोत्यावर एक वीटही चढवू नका. पुढचा हप्ता मागण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांना जागेचा वाद लेखी कळवा. न कळवता पैसे उचलले तर उद्या वसुलीची नोटीसही येऊ शकते. कुणी शेतकरी जागा विकायला तयार असेल तर घरकुल जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. तुमच्या भागातल्या भावात तेवढ्यात जागा बसेल की नाही, हे तुम्हीच जाणता.

खरोखरच 'जमीन गावाची' करण्याचा कायदा महाराष्ट्रात आहे : १९६४ चा ग्रामदान अधिनियम. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ती वाट धरली. पण तिथे लोकांनी स्वतःच्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यायची असते, सरकारची नव्हे.

राहिली नोटीस. तिला उत्तर द्यायचं राहिलंच, ते आता भरून येत नाही. आदेशावर सही कुणाची ते बघा. तहसीलदारांची असेल तर संहितेच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, मुदत आदेश मिळाल्यापासून ६० दिवस. सोबत स्थगितीचा वेगळा अर्ज हवाच, नुसत्या अपिलाने जेसीबी थांबत नाही. आदेश कोणत्या तारखेला मिळाला ते तुम्ही लिहिलेलंच नाही. पाकीट टाकून दिलं नसेल तर त्यावरचा पोस्टाचा शिक्का शोधा आणि ते पाकीट घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.