डबे वळणावरच का उतरतात?

प्रश्न : चार बाय आठ फुटांच्या प्लायवर एचओ मापाच्या (१:८७) मॉडेल रेल्वेचा लूप आहे, वळणाची त्रिज्या ४५७ मिमी. इंजिन बिनबोभाट जातं. पण स्टायरीन शीटचे घरी केलेले आयसीएफ (चेन्नईच्या डबा कारखान्याच्या धाटणीचे प्रवासी) डबे गाडी मागे ढकलली की हमखास उतरतात.

उत्तर : रुळांना दोष देण्याआधी डबा वजनकाट्यावर ठेवा. १:८७ मध्ये आयसीएफ डबा साधारण २४५ मिमी येतो. २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर इंची १४ ग्रॅम हा वजनाचा रूढ अमेरिकी हिशेब. म्हणजे सुमारे १६५ ग्रॅम हवेत. कमी पडेल तेवढे लोखंडी वॉशर तळाशी, बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) वर चिकटवा. छतात अजिबात नको, डबा डुलतो.

मग कॅलिपरने जोडचाकांमधलं आतलं अंतर पाहा : १४.४ मिमीच्या आसपास. कमी असेल तर चाक हलके पिळत बाहेर ओढा. एका बोगीचा स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती कडेला झुकू शकेल.

खरी गोची त्रिज्येत आहे. ती डब्याच्या लांबीच्या किमान अडीच पट हवी. तुमची दुप्पटही नाही. त्यात कपलर (डबे जोडणारा आकडा) बोगीला असेल, तर ढकलताना बोगी तिरकी होते. चार फुटांत फार तर ५६० मिमी बसेल. तेवढी करा, नाहीतर छोटे मालडबे चालवा.