पेशींची ध्रुवीयता शिकताय? आधी एवढंच करा

ध्रुवीयता म्हणजे पेशीची वरची बाजू आणि बाजूच्या-खालच्या भिंती एकमेकींपासून वेगळ्या असणं. ती घडवणाऱ्या प्रथिनांची यादी पाठ करत बसू नका. सुरुवातीला एकच भांडण समजून घ्या: वरच्या बाजूचं एपीकेसी (aPKC, फॉस्फेट लावणारं एन्झाइम) हे एलजीएल (Lgl) या प्रथिनाला फॉस्फेट लावून वरच्या पटलावरून हाकलतं, बाजूच्या भिंतीवरचं पार-१ (Par-1, तसंच एन्झाइम) तीच युक्ती वरच्या गटातल्या पार-३ (Par-3) या प्रथिनावर चालवतं. क्रम्ब्स, स्क्रिबल वगैरे बाकीची ध्रुवीयतेची प्रथिनं नंतर.

प्रयोगाला एमडीसीके (MDCK) पेशी घ्या. १९५८ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या, पण आजही भरवशाच्या!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पेशी काचेवर वाढवतात. सच्छिद्र फिल्टर वापरा, आणि थर भरल्यावर लगेच घाई नको, दोन-तीन दिवस थांबा.
- फोटो फक्त वरून काढतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर उभा छेद बघितल्याशिवाय ध्रुवीयतेबद्दल बोलूच नका.
- झेडओ-१ (ZO-1, शेजारच्या पेशींमधल्या घट्ट सांध्यांचं प्रथिन) दिसलं की खूश होतात. सोडियम-पोटॅशियम पंप बाजूंनाच आहे ना, तेही तपासा.