दुसऱ्या गावच्या ग्रामसभेत नुसतं बसून निर्णय कसे होतात ते समजून घ्यायचं असेल, तर काय पाहावं?

तुम्हाला अभ्यासासाठी बसायचं आहे असं धरतो आणि महाराष्ट्रातल्या ग्रामसभेपुरतं सांगतो. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदारयादीतले लोक. तुम्ही त्यात नाही, तेव्हा सरपंचांना किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) अगोदर कल्पना द्या आणि हजेरी रजिस्टरवर सही करू नका. त्या सह्यांवरच गणपूर्ती मोजतात.

गणपूर्ती म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. 500 मतदारांच्या गावात 75 लागतात, 2000 मतदारांच्या गावात 100 पुरतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. गाजावाजा न करता एखादा ठराव उरकायचा असला की ही वाट फार सोयीची पडते. म्हणून तहकूब सभा चुकवू नका.

सभेत आवाज चढतो तिकडे लक्ष जातंच, पण निर्णय बहुतेक वेळा अजेंड्यातच झालेला असतो. तो आधीच मिळवा. नोटीस 7 दिवस आधी निघायला हवी. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. इथे लोक चहाची वाट बघत असतात, पण मागच्या वेळी बोललेलं आणि लिहिलेलं यातला फरक इथेच पकडता येतो. शेवटचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. निम्मे लोक उठून गेल्यावर एखादी जागा भाड्याने देण्याचा ठराव इथून सरकतो.

आता पैसे. हे कळलं नाही तर अर्धी चर्चा डोक्यावरून जाईल. 15 व्या वित्त आयोगातून (2021-26) केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीचा 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण तोही पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही. म्हणजे 10 लाख आले तर रस्ता, गटाराचं झाकण, शाळेची भिंत यांची सगळी भांडणं 4 लाखांतली. लोक तासभर रस्त्याबद्दल बोलतात आणि गावाच्या विकास आराखड्यात पाण्याची टाकी येते, त्यामागे कुणाचा डाव असेलच असं नाही. अनेकदा फक्त हा हिशेब असतो. तुम्ही जाल तेव्हाचं प्रमाण मात्र ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होतं, त्यामुळे एकच सभा जमणार असेल तर त्या सुमाराची गाठा.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिच्यातले विषय मुख्य सभेत वाचले जातात का, की नुसत्या सह्या जोडल्या जातात, एवढं पाहिलं तरी गावाची बरीच ओळख होते.

ठराव मांडला जाताना शब्दन् शब्द उतरवून घ्या: सूचक कोण, अनुमोदक कोण, 'सर्वानुमते' की 'बहुमताने', रक्कम किती, कुठल्या निधीतून, काम कुठून कुठपर्यंत. 'गावातील रस्ते दुरुस्त करणे' असा मोघम ठराव झाला तर रस्ता कुणाच्या दारावरून जाणार हे नंतर मोजकी माणसं ठरवतात. विरोध करणाऱ्याने 'माझा विरोध नोंदवा' असं स्पष्ट म्हटलं नसेल, तर इतिवृत्तात बहुधा तो सापडणार नाही.

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निधी, मग काम, आणि यातल्या कुठल्याही पायरीवर ते अडकू शकतं. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी सभेची तारीख आणि विषय लिहून इतिवृत्ताची प्रत मागा. सरळ मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. प्रत आली की आपल्या वहीतल्या टिपणांशी ओळ न् ओळ ताडून बघा.