शेंगदाणे खरपूस भाजले की बुरशीचा धोका संपतो का?

आपण विचारले आहे की, सोलापुरी शेंगा चटणी घरी करून विकायची असेल तर दाणे चांगले खरपूस भाजले म्हणजे बुरशीचा आणि जंतूंचा प्रश्न मिटतो का, आणि मिटत नसेल तर नेमकी काळजी कोठे घ्यावी. मी सोलापुरात 19 वर्षांपासून चटणीचा छोटा कारखाना चालवते, त्या अनुभवावरून सांगते. नीट भाजल्याने जंतू मरतात, बुरशीही मरते. पण बुरशीने दाण्यात आधीच सोडलेले विष भाजणीने जात नाही. म्हणून खरे काम भट्टीच्या आधी, दाणे निवडताना करावे लागते.

या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, आणि शोध घेता घेता कारण त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. तेव्हापासून हे विष ओळखले जाऊ लागले. माणसात ते यकृताचा कर्करोग घडवते, हे सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे थेट खाण्याच्या दाण्यात किलोला 10 मायक्रोग्रॅम आणि पुढे प्रक्रिया व्हायच्या दाण्यात 15 मायक्रोग्रॅम अशी कायद्याची मर्यादा आहे. किलोला 10 मायक्रोग्रॅम म्हणजे 100 टन दाण्यात अवघा 1 ग्रॅम. दाणे भाजताना या विषाचा काही अंश कमी होतो, परंतु ते पूर्ण मोडायला 230 अंशांच्याही वर तापमान लागते आणि तेवढ्यात दाण्याचा कोळसा होतो.

बुरशी मुळात जमिनीतच असते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला की ती शेंगेत शिरते, आणि काढणीनंतर माल ओला राहिला की फोफावते. आपल्या भागाची अडचण अशी की सोलापूरला पावसाचा जोर परतीच्या दिवसांत, सप्टेंबरात असतो आणि खरिपाच्या शेंगा त्याच सुमारास काढणीला येतात. शेंग कानाशी धरून हलवली असता आत दाणा खुळखुळला पाहिजे. दाण्यात ओल 7 ते 8 टक्क्यांच्या वर असू नये. फोडताना दाणा तुटू नये म्हणून काही ठिकाणी शेंगांवर पाणी मारतात. तसा माल फोडल्यावर पुन्हा न वाळवता पोत्यात भरला तर घात ठरलेलाच. खरेदी करताना ही गोष्ट स्पष्ट विचारावी, संकोच करू नये.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यांच्या तोंडाशी दाणा अगदी देखणा होता, पण मी कोपरापर्यंत हात आत घातला तेव्हा मधला माल दमट आणि किंचित कोमट लागला व हाताला कुबट वास राहिला. मी सगळी पोती परत केली. त्यावर त्यांनी सांगितले की, काही हरकत नाही, घाण्याला जाईल. हे ऐकून मला जे वाईट वाटले ते आजही विसरलेले नाही, कारण तेल काढल्यावर बहुतेक विष पेंडीत उतरते, ती पेंड गाई-म्हशी खातात आणि त्याचेच बदललेले रूप दुधात येते. दुधासाठी मर्यादा तर किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. म्हणून आमच्याकडे निवडून काढलेला खराब दाणा कोणालाही विकत नाही, जनावरालाही घालत नाही. तो खड्ड्यात पुरतो.

निवडण्याचे काम आमच्याकडे पाच बायका करतात. खिडकीखाली पांढऱ्या पत्र्याचे टेबल आहे, कारण पांढऱ्यावर काळपट दाणा लगेच दिसतो. सुपात पाखडून चुरमुरलेले, पोचट दाणे आधी जातात. मग सुरकुतलेले, डागाळलेले, मोड आलेले आणि किडीने टोकरलेले हाताने वेचायचे. शंका आली की दाणा नखाने फोडून दोन डाळिंब्यांच्या मधल्या खोबणीत पाहायचे, कारण हिरवट-पिवळी भुकटी पुष्कळदा बाहेर न दिसता तेथेच लपलेली असते. हे विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते. मोजक्या दाण्यांत ते प्रचंड प्रमाणात असते. त्यामुळे निवडल्याने मोठा फरक पडतो, आणि त्याच कारणाने मूठभर दाणे प्रयोगशाळेत पाठवून काही कळत नाही. पोत्यापोत्यातून वरून, मधून, खालून दाणे घेऊन, चांगला मोठा नमुना दळून मगच तपासणीला द्यावा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते, म्हणून नव्या व्यापाऱ्याच्या पहिल्या मालाची तपासणी मी कधीही टाळत नाही.

जंतूंच्या बाबतीत धोका भाजल्यानंतर पुन्हा येतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली येथील पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या कारखान्यातून गेलेल्या मालामुळे 2008-09 मध्ये साल्मोनेलाची लागण होऊन 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि 9 जण दगावले. तपासणीत दोष आढळूनही माल पाठवला गेला होता, आणि 2015 साली कंपनीच्या प्रमुखाला 28 वर्षांची शिक्षा झाली. तेथे छत गळत होते, तसेच कच्चा व भाजलेला माल पुरेसा वेगळा ठेवला जात नव्हता. साल्मोनेला कोरड्या, तेलकट पदार्थात वाढत नाही, पण महिनोन् महिने जिवंत राहतो. आपल्या घरी याचा अर्थ इतकाच की, कच्च्या दाण्याचे सूप, घमेले आणि झाडू भाजलेल्या दाण्याजवळ येऊ नये, आणि कुटण्याच्या जागी पाणी ओतून धुण्याऐवजी कोरड्या ब्रशने साफ करावे. धुवायचेच असेल तर भांडे पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये. दाणे पूर्ण गार झाल्यावरच कुटावेत. लसूण मात्र कच्चा आणि ओलसर असतो, म्हणून तो सोलून, पुसून, तुकडे करून थोडा सुकवावा. तिखटही खात्रीचे घ्यावे, कारण मिरचीलाही हीच बुरशी लागते. पाकिटावर शेंगदाणा हा शब्द ठळक लिहावा. काहींना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते.

पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा अधिक साठा करू नका. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. भाजताना प्रत्येक घाण्यातले पाच-सहा दाणे चाखून पाहा. एखादा कडू लागला तर लगेच थुंकून टाका आणि तो घाणा बाजूला ठेवून उरलेल्या कच्च्या दाण्यांची निवड पुन्हा करा.