वाचकांचे प्रश्न : आयरिश वाद्यवृंद

प्रश्न : आयरिश पारंपरिक वृंदात सगळे एकच चाल वाजवतात. मग पाच-सहा वादक कशाला?

उत्तर : चाल एक असली तरी ती नटवण्याची रीत प्रत्येकाची वेगळी असते. जिग या नाचाच्या चालीत तीन छोट्या मात्रांचा सूर आला, की बासरीवादक तिथे ‘रोल’ घेतो: सूर, वरच्या सुराचा निसटता स्पर्श, पुन्हा सूर, खालून टिचकी, पुन्हा सूर. फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) त्याच जागी गजाच्या झटक्यात तीन सूर काढतो. हे एकमेकांशी जुळलं नाही तरी चालतं, किंबहुना त्यातच रंगत आहे. लय आणि चालीची वळणं मात्र जुळायलाच हवीत.

मंचावर यापेक्षा थोडी जास्त आखणी लागते. १९६० च्या सुमारास डब्लिनमध्ये संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी वाद्यांना आळीपाळीने पुढे आणायला सुरुवात केली. त्यांच्या गटातल्या पॅडी मोलोनी यांनी १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ उभा केला आणि ही मांडणी जगभर पोहोचली.

प्रश्न : पाइप्स वाजवणारा बसूनच का वाजवतो? आणि सूर लावायला इतका वेळ का घेतो?

उत्तर : हे इलिअन पाइप्स, म्हणजे कोपराचे पाइप्स. यात तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली हवेची पिशवी. वाजवायच्या नळीचं, म्हणजे चँटरचं, खालचं तोंड मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवून बंद करता येतं. त्यामुळे सूर तोडता येतो आणि दाब वाढवून वरच्या सप्तकात जाता येतं. उभं राहून हे नीट साधत नाही. शिवाय ‘डी’ या स्वराचे तीन अखंड सूर धरणाऱ्या नळ्या, आणि मनगटाने दाबायचे रेग्युलेटर, म्हणजे साथीचे सूर देणाऱ्या नळ्या.

रीड, म्हणजे नळीतली थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, वेताची असते, म्हणून हवा कोरडी झाली की सूर सरकतो. मंचावरचे दिवे हेच करतात. वाद्य अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवा, मगच सूर लावा. चँटरची रीड किंचित आत सारली की सूर चढतो, बाहेर काढली की उतरतो. वरच्या सुरांवर परिणाम जास्त होतो. वृंदात कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) किंवा अ‍ॅकॉर्डियन असेल तर बाकीच्यांनी त्याच्याशीच जुळवून घ्यायचं. त्यातल्या धातूच्या पट्ट्यांचा सूर ऐन वेळी बदलता येत नाही.

प्रश्न : चाल कधी बदलते, हे ऐकणाऱ्याला कसं कळावं?

उत्तर : बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येकी आठ बारांचे (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) आणि प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे एक फेरी ३२ बारांची. रील या वेगवान नाचाच्या चालीत ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची चाल येते, बहुधा वेगळ्या स्वरपट्टीत. त्या वळणावर गिटारचा पहिला ठोका ऐका.

प्रश्न : बाउरानचा (हातात धरायच्या आयरिश डफाचा) आवाज कार्यक्रमात मध्येच पत्र्यासारखा होतो.

उत्तर : बोकडाचं कातडं उन्हाने किंवा दिव्यांनी आवळतं आणि दमट हवेत सैल पडतं. आतल्या बाजूने पाण्याचे दोन-तीन फवारे मारा, तळव्याने पसरवा आणि पाच मिनिटं थांबा. कडेला स्क्रू असतील तर समोरासमोरचे जोडीने, पाव-पाव फेरा सोडा. आणि एकाच वेळी दोन बाउरान नकोतच: ठोके जरासे मागेपुढे झाले तरी रीलचा उठाव जातो.