टमी टकनंतरची तक्रार आणि सहीसाठी पुढे केलेला कागद

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात राहते, वय ४१. दोन सिझेरियननंतर सुटलेल्या पोटासाठी दहा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात टमी टक करून घेतले. त्यासाठी २ लाख ४० हजार रुपये भरले. पोट सपाट झाले. परंतु त्याखालचा केसांचा उंचवटा वर ओढला गेला आहे, फुगीर दिसतो, तेथे बधिरपणा आहे आणि घट्ट कपडे घालवत नाहीत. असे होऊ शकते हे मला कोणीही सांगितले नव्हते. आता तेथील चरबी मोफत काढून देण्याची डॉक्टरांची तयारी आहे. मात्र त्याआधी ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा कागदावर ते सही मागत आहेत. मी सही करावी का? माझ्या पतीखेरीज घरात कोणालाही हे ठाऊक नाही.

उत्तर : ताई, त्या कागदावर आज सही करू नका, आणि मोफत शस्त्रक्रियेलाही लगेच होकार देऊ नका. कारणांकडे वळण्यापूर्वी, तुमच्या बाबतीत जे घडले त्यातील कशाला कायदा दोष मानतो आणि कशाला मानत नाही, हे वेगळे करून घेतले पाहिजे. अशा बहुतेक तक्रारींची मांडणी नेमकी तेथेच चुकते.

टमी टकमध्ये बेंबीखालची जादा त्वचा आणि चरबी काढून टाकतात आणि वरची त्वचा खाली ओढून ओटीपोटावरच्या लांब आडव्या छेदाशी शिवतात. या छेदाची खालची कड जघनभागाला, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या केसांच्या उंचवट्याला, लागूनच असल्यामुळे टाक्यांच्या ताणाने तो भाग थोडाफार वर उचलला जातोच. छेदामुळे त्या भागातील लसवाहिन्या (ऊतींमधील द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका) तुटतात आणि द्रव खाली उतरत राहतो, म्हणून सूज तेथेच साठते व ती ओसरायला काही महिने लागतात. त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेल्याने बधिरपणा येतो. तो बहुधा हळूहळू कमी होतो, काही जणींच्या बाबतीत थोडा कायम राहतो. शिवाय त्या उंचवट्यात मूळचीच चरबी अधिक असेल, तर वरचे पोट सपाट झाल्यावर तो पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागतो. यांपैकी कोणतीही गोष्ट केवळ घडली म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ‘मला हवे तसे दिसत नाही’ एवढ्याच आधारावर दाखल केलेली तक्रार टिकणे कठीण आहे.

तुमची खरी बाजू दुसरीकडे आहे. हे परिणाम शल्यविशारदांना इतके परिचित आहेत, की ते रुग्णाला आधी का सांगितले नाहीत, याचे उत्तर त्यांना द्यावेच लागेल. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू व परिणाम, उपलब्ध पर्याय आणि महत्त्वाचे धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती होय. दूरवरची, क्वचित उद्भवणारी प्रत्येक शक्यता डॉक्टरांनी सांगितलीच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. पण जघनभागाचे वर ओढले जाणे, सूज आणि बधिरपणा या दूरच्या शक्यता नव्हेत. तुमची शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी नव्हती, ती ऐच्छिक होती. माहिती मिळाली असती तर तुम्ही नकार देऊ शकला असता, किंवा त्या भागाची चरबी त्याच वेळी काढता येईल का, हे विचारू शकला असता. माझ्या मते सौंदर्यशस्त्रक्रियेत माहिती देण्याच्या कर्तव्याचे वजन म्हणूनच अधिक धरले पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्येही संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हे ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत येते.

म्हणून पहिले काम कागदपत्रे मिळवण्याचे. रुग्णालयाला लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपर, शस्त्रक्रियेची टिपणे, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिले आणि शस्त्रक्रियेपूर्वी काढलेली छायाचित्रे मागा. अर्ज हातोहात दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोहोच घ्या. नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितलेले अभिलेख ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. संमतीपत्र हाती आल्यावर ते केवळ वाचू नका, तपासा. ते कोणत्या भाषेत आहे, मराठी वाचणाऱ्या रुग्णाला ते समजावून सांगितल्याची नोंद आहे का, सहीची वेळ काय आहे, आणि जोखमींच्या यादीत जघनभागाचा उल्लेख छापील आहे की नंतर पेनाने भरलेला आहे, हे पाहा. शस्त्रक्रियागृहाकडे नेण्याच्या पाच मिनिटे आधी इंग्रजी छापील कागदावर घेतलेली सही आणि आदल्या आठवड्यात चित्र काढून समजावल्यानंतर घेतलेली सही यांत ग्राहक आयोगापुढे मोठा फरक पडतो. उलट, तुम्ही सही केलेल्या कागदात हे सारे मराठीत लिहिलेले निघाले, तर ‘कोणीही सांगितले नव्हते’ हे विधान तक्रारीत करण्यापूर्वी वकिलाशी पुन्हा बोला.

छायाचित्रांविषयी एक सांगायला हवे. शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. परंतु ती कोणाच्या मोबाइलमध्ये आहेत आणि जाहिरातीसाठी वापरली गेली आहेत का, हेही त्याच अर्जात विचारा. संमतीशिवाय व्यक्तीच्या खासगी भागाचे छायाचित्र काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, आणि जघनभागाचा समावेश त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच केलेला आहे.

आता त्या कागदाविषयी. न्यायालयात जाण्यास पूर्णतः मनाई करणारा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २८ नुसार रद्दबातल असतो, हे ऐकून काही जण बिनधास्त सही करतात. तसे करू नये. झालेल्या नुकसानीबद्दल काही मोबदला स्वीकारून मागणी पूर्ण झाल्याचे लिहून देणे ही तडजोड ठरते, आणि मोफत शस्त्रक्रिया हा येथे मोबदला मानला जाऊ शकतो. पुढे ‘दबावाखाली सही केली’ हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येईल. दुसरे असे, की चरबी काढल्यानंतर आजची शारीरिक स्थिती उरणार नाही, म्हणजे पुरावाच बदलेल. त्याच डॉक्टरांकडून दुरुस्ती करून घ्यायची असेल तर अवश्य घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र ‘माझे सर्व कायदेशीर हक्क राखून ही शस्त्रक्रिया करून घेत आहे’ असे लेखी कळवून, आणि सद्यःस्थितीची स्वतंत्र नोंद झाल्यावरच. व्रण पक्व व्हायला वर्ष-दीड वर्ष लागत असल्याने दुरुस्तीची घाई करण्याचे वैद्यकीय कारण सहसा नसते. तरीही लाली, वाढते दुखणे किंवा ताप असेल तर कायदा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

ही स्वतंत्र नोंद मिरजेत किंवा सांगलीत दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडून करून घेता येईल. ‘आधीच्या डॉक्टरांची चूक झाली, असे लिहून द्या’ असे म्हणालात तर बहुतेक डॉक्टर मागे सरतील, आणि त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे. त्याऐवजी तपासणीत काय दिसले, सूज आहे की चरबी, बधिरपणा कोठवर आहे, दुरुस्तीला काय करावे लागेल आणि अंदाजे खर्च किती, एवढेच लेटरहेडवर मागा. बहुतेक प्रकरणांत हे पुरेसे ठरते. मूळ डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतील पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीही पडताळून घ्या. ती पात्रता नसल्यास प्रकरणाचा रंगच बदलतो.

तक्रार पुण्यात करावी लागेल, ही तुमची धास्ती असल्यास ती सोडा. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तुमची तक्रार चालू शकते. भरलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती तुम्हाला परिणाम कळल्यापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे तुमच्या हाती चौदा महिने उरतात. डॉक्टरांची तोंडी आश्वासने किंवा नोटिशींची देवाणघेवाण यांमुळे ही मुदत थांबत नाही. कागदपत्रे व तपासणीची नोंद हाती येताच वकिलामार्फत नोटीस पाठवा. तिच्यात दुरुस्तीचा खर्च, भरलेल्या रकमेचा परतावा आणि मानसिक त्रासाची भरपाई स्वतंत्रपणे मागा. रकमेबाबत अवास्तव अपेक्षा ठेवू नका. वर सांगितलेल्या समीरा कोहली प्रकरणात संमतीशिवाय गर्भाशय काढले गेले होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने फी नाकारण्यापलीकडे २५ हजार रुपयेच भरपाई दिली. सामनेवाल्यांची, म्हणजे रुग्णालय व डॉक्टरांची, खरोखर तयारी असल्यास आयोगाच्या मध्यस्थीतून झालेली तडजोड मला अशा प्रकरणात अधिक श्रेयस्कर वाटते.

पोलिसांत जाण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. जेकब मॅथ्यू प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाप्रमाणे डॉक्टरांविरुद्ध फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो; तुमची हकीकत त्या पातळीची नाही.

गोपनीयतेबाबत : पत्रव्यवहारासाठी वकिलाच्या कार्यालयाचा पत्ता द्या, म्हणजे टपाल घरी येणार नाही. छायाचित्रे मोहोरबंद पाकिटात सादर करण्याची परवानगी तक्रारीसोबतच्या अर्जाने मागा. आयोगाचे निकाल संकेतस्थळावर नावानिशी येतात. म्हणून निकालात नाव झाकावे, अशी विनंतीही त्याच अर्जात करा. ती मान्य करणे आयोगाच्या अधिकारातील बाब आहे, त्यामुळे अर्जात शस्त्रक्रियेच्या भागाचे नाजूक स्वरूप स्पष्ट शब्दांत लिहा आणि तो पहिल्या तारखेलाच दाखल करा.